बापाच्या पंधरा दिवसांसाठी : राज्याच्या कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात बापासाठी पगारी रजा ठेवण्याबाबत.

मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

मी भांडुपला राहतो आणि अंधेरीला एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात काम करतो. चाळीसेक माणसांचे पगार दर महिन्याला माझ्या हातून निघतात. कोणाच्या किती रजा उरल्या, कोणाचे किती दिवस कापायचे, हे मला तोंडपाठ असतं. यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हाला मुलगा झाला. पहिलं मूल. त्यानंतरच्या पगारपत्रकात माझ्या स्वतःच्या नावापुढे 'बिनपगारी, ३ दिवस' असं मीच भरलं. तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

सिझेरियन करावं लागलं. सोमवारी रात्री बाळ झालं, वजन भरलं दोन किलो तीनशे ग्रॅम. अडीच किलोच्या आत वजन असलं की बाळाला अंगाची ऊब धरून ठेवणं जड जातं, हे आम्हाला तेव्हाच कळलं. मंगळवारी सकाळी सिस्टर आल्या. बायकोला टाक्यांमुळे कूसही बदलता येत नव्हती. सिस्टरनी मला खुर्चीत बसवलं आणि शर्ट काढायला सांगितलं. बाळाचं झबलं उतरवलं, टोपरं आणि लंगोट तेवढा ठेवला, आणि त्याला माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून बायकोची ओढणी घट्ट गुंडाळली. कांगारू मदर केअर म्हणतात याला. नावात आई असली तरी बापानेही करायचं असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. पहिली काही मिनिटं मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. त्याचे पाय माझ्या पोटाला गार लागत होते. मग हळूहळू ते कोमट झाले. अर्ध्या तासाने तो झोपेत तोंड हलवायला लागला आणि त्याची लाळ माझ्या छातीवर ओघळली. मी बाप झालो तो खरं तर त्या खुर्चीत.

दिवसातून जमेल तितके तास हे करा, वजन नीट वाढेपर्यंत करा, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं. शुक्रवारी आम्ही घरी आलो. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी भांडुप स्टेशनवर घाटकोपरची गाडी पकडायला उभा होतो. घरी बाळाबरोबर पूर्ण दिवस मिळाले दोन, शनिवार आणि रविवार.

याहून जास्त रजा मला मिळणारच नव्हती. साहेबांचा स्वभाव कसाही असता तरी नाही, कारण कायद्यातच ती नाही. आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आमच्याएवढ्या ऑफिसांना, दुकानांना, हॉटेलांना लागू आहे. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि त्या तिमाहीनुसार जमा होतात. म्हणजे जूनपर्यंत खात्यात चार. त्यातल्या दोन मी बायकोच्या सोनोग्राफीला वापरल्या होत्या. भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामामागे एक या हिशेबाने मिळते, पण त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागतात. मी या कंपनीत आदल्या नोव्हेंबरात लागलो, माझे दिवस भरले नव्हते. मंगळवार-बुधवार नैमित्तिक, गुरुवार ते शनिवार बिनपगारी. या कायद्यात सणांच्या सुट्ट्या आहेत, आठवड्याची सुट्टी आहे. मूल झालेल्या पुरुषाबद्दल एक ओळ नाही.

वरिष्ठांकडे आणखी आठवडा मागितला तेव्हा उत्तर आलं, "अरे, बाळंतीण ती आहे. तू घरी बसून काय करणार?" ते तसे वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या वेळी बाळंतपण माहेरी होत असे आणि बाप बारशाला पेढे घेऊन जात असे. आमच्याकडे तसं होणार नव्हतं. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. सासूबाई संगमेश्वरहून आल्या, पंधरा दिवस राहिल्या. त्यांनी आळीवाची खीर केली, शेक दिला, पाचवी पुजली, रात्र रात्र जागल्या. पण लावणीचे दिवस होते. शेतात पाणी उभं, गडी मिळेनात, सासरे एकटे. त्या डोळे पुसत एसटीत बसल्या. मुंबईत अशी किती घरं असतील, जिथे दोन माणसं आणि एक तान्हं बाळ एवढंच कुटुंब आहे, ते आपणच आठवून पाहा. तिथे 'घरची बाई आहे ना' हे उत्तर कसं चालेल?

घरी बसून काय करणार, याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता देतो.

आमच्या चाळीत नळाला पाणी सकाळी साडेआठला येतं आणि तासाभरात जातं. मी आठच्या आधी घर सोडतो. सासूबाई होत्या तोवर त्या भरत. त्या गेल्यावर शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं, पण बाळाच्या सतराव्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या होत्या. पाणी जाईल म्हणून बायकोने दोन बादल्या आणि कळशी स्वतः उचलून आत आणली. सिझेरियनच्या बाईने बाळापेक्षा जड काही उचलू नये, हे तिलाही माहीत होतं. पण लंगोटांची बादली भरलेली, प्यायला पाणी नाही, ती करणार काय? रात्री नऊला मी घरात शिरलो तर ती भिंतीला टेकून बसलेली आणि गाऊनवर खाली ओला डाग. टाक्याच्या एका टोकातून पाणी येत होतं. पुढे दहा दिवस ड्रेसिंग, अँटिबायोटिक, दर दोन दिवसांनी रिक्षा करून दवाखाना. ते दहा दिवस बाळाला दूध पाजताना ती ओठ दाबून धरायची. त्या सकाळी मी घरी असतो तर दोन बादल्या आणि एक कळशी उचलली असती. एवढंच केलं असतं.

मग रात्री जे जमलं ते केलं. जुलैचा पाऊस, दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस सुकत नसत. रात्री जेवणं झाली की मी जमिनीवर घोंगडी टाकून एकेक लंगोट इस्त्रीने सुकवायचो. ओल्या कापडातून वाफ निघायची, खोलीभर दुधाचा आणि सुताचा वास पसरायचा. पंचवीस-तीस लंगोट झाले की बाळ उठलेलंच असायचं. दूध ती पाजायची, ढेकर मी काढायचो, मग शर्ट काढून त्याला छातीवर घेऊन भिंतीला पाठ टेकून बसायचो. दिवसाचे राहिलेले तास असे रात्री भरून काढायचे. पहाटे साडेतीनला कधीतरी डोळा लागायचा. ऑफिसात त्या महिन्यात मी दोनदा टीडीएसचे आकडे चुकवले. मला घरी न सोडून कंपनीला काय मिळालं, हा प्रश्न एक हिशेबनीस म्हणूनही मला पडला.

नाळ पडली तेव्हा मी ऑफिसात. पहिल्यांदा आवाजाच्या दिशेने मान वळवली तेव्हा घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या गर्दीत. ऑक्टोबरात पालथा पडला ते मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिलं. ही हळहळ कायद्याने भरून द्यावी असं मी म्हणत नाही, नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला ती येणारच. माझं मागणं फक्त सुरुवातीच्या दिवसांपुरतं आहे, जेव्हा बाळंतीण उठू शकत नाही आणि घरात दुसरं माणूस नसतं.

आमच्याच चाळीत एक शेजारी रेल्वेत आहेत. त्यांना याच पावसाळ्यात मुलगी झाली. त्यांना पंधरा दिवसांची भरपगारी पितृत्व रजा मिळाली. ते पाणी भरताना, कपडे वाळत घालताना दिसायचे आणि त्यांच्या मिसेस महिन्याभरात हिंडूफिरू लागल्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ही रजा कित्येक वर्षांपासून आहे : हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर १५ दिवस, बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही. म्हणजे बाप घरी लागतो, हे सरकारला मान्य आहे. मग भिंतीपलीकडच्या बापाला तो लागतो आणि अलीकडच्याला लागत नाही, असं कसं?

खासगी नोकरीतल्या बापांसाठी प्रयत्न झाला नाही असं नाही, आणि तो आपल्याच मराठवाड्यातून झाला. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. १५ दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, आणि खासगी व असंघटित क्षेत्रातल्या बापांचाही समावेश. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. त्याच २०१७ साली मातांची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ते उत्तमच झालं, माझ्या बायकोला त्याचा आधार मिळाला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, त्यातही बाप नाही.

दिल्लीकडे बोट दाखवून आपण हे पत्र बाजूला ठेवू नये म्हणून सांगतो : कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय आहे आणि दुकाने व आस्थापना कायदा तर पूर्णपणे महाराष्ट्राचा आहे. नैमित्तिक रजा आठ असाव्यात हे आपल्याच विधिमंडळाने ठरवलं. पंधरा दिवसांची एक तरतूद त्याच कायद्यात त्याच विधिमंडळाला घालता येईल.

आणि हे मुंबईला नवं नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोककल्याण हे मुळात सरकारचं काम असल्यामुळे त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदा यायला १९६१ उजाडलं. रोजगार हमीतही महाराष्ट्र आधी चालला, देश नंतर आला.

भार कोणी उचलायचा, हा प्रश्न माझ्या कंपनीचे मालक पहिला विचारतील आणि तो रास्त आहे. आईच्या २६ आठवड्यांचा पगार बहुतेक ठिकाणी एकटा मालक देतो, आणि त्यामुळे लग्न झालेल्या मुलीला नोकरीवर घेताना लोक कचरतात. मुलाखतींच्या वेळचं बोलणं मी कानांनी ऐकलं आहे. मूल झालं तर बापही रजा घेणार, हे एकदा ठरलं की तो कचरणं थोडं तरी कमी होईल. लहान आस्थापनांसाठी निधीची वाट काढता येईल. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आलेल्या कामगार स्त्रीला बाळंतपणाचे पैसे महामंडळाच्या निधीतून मिळतात, मालकाच्या गल्ल्यातून नाही. आपल्याकडे कामगार कल्याण निधी आहे, जून आणि डिसेंबरच्या पगारातून त्याची कपात मी स्वतः करतो, मालकाचा वाटाही भरतो. त्या निधीतून, किंवा त्यात शासनाने भर घालून, छोट्या दुकानातल्या बापाच्या पंधरा दिवसांच्या पगाराचा काही हिस्सा देता येईल का, हे आपल्या खात्याने तपासावं.

रजा एकदम घ्यावी अशी सक्ती नको. आम्हाला सिझेरियनच्या वेळी पाच दिवस लागले असते, सासूबाई गावी गेल्यावर दहा. सहा महिन्यांत तुकड्यांनी घेता आली पाहिजे. २४० दिवस भरण्याची अटही नको, मूल कंपनीचं वर्ष बघून जन्माला येत नाही. आणि आमच्या गल्लीतला मुलगा दुचाकीवरून लोकांची जेवणं पोचवतो, त्याची मुलगी तीन दिवसांची असताना तो पावसात ऑर्डरी घेत होता कारण न गेल्यास कमाई शून्य. त्याला कुठलाच आस्थापना कायदा लागत नाही. त्याचाही विचार याच वेळी व्हावा.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे. तिथे निदान एवढं तरी सभागृहात सांगा, की खातं यावर मसुदा करत आहे. भेटीची वेळ दिलीत तर मी पगारपत्रकं, रजेची नोंदवही घेऊन येईन आणि चाळीस माणसांच्या कंपनीला या रजेचा वर्षाला नेमका किती खर्च येतो ते मांडून दाखवीन. गेल्या वर्षभरात आमच्याकडे बाप झाले दोघे.

मुलगा आता साडेचार महिन्यांचा आहे, वजन सहा किलोच्या वर गेलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायको लॅबमध्ये परत रुजू होईल. चौदाव्या आठवड्याची लस सप्टेंबरअखेर झाली, त्यासाठी अर्धा दिवस मिळाला. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे मार्चच्या शेवटाकडे. हिशेब खात्यात त्या दिवसांत कोणालाच रजा देत नाहीत.

आपला नम्र,
भांडुपचा एक बाप