लुंबड्या टमाळाने काय ठेवले?

पुणे,
१९ जुलै

प्रिय शुभे,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मुक्ताचं सगळं पुराण सांगून शेवटी 'पुण्यातला एखादा ऑनलाइन क्लास सुचव' म्हणालीस, तिथे हसू आलं. मेसेजवरच उत्तर देणार होते, पण आज पावसामुळे शाळेला सुट्टी आहे, खिचडीचा कुकर लावलाय, म्हटलं होस्टेलच्या दिवसांसारखं कागदावरच लिहावं.

पोरगी तिसरीत आहे, घडाघडा वाचते, प्रकटवाचनात बक्षीस आणलं, आणि तरी बाई म्हणतात 'आकलन कमी आहे'. तुझा बाईंवर राग. अगं, बाईंचं बरोबर असणार. माझ्या वर्गात अशा मुक्ता डझनभर आहेत, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यांना हुशार समजत होते. डोळे कसे उघडले ते सांगते.

मागच्या महिन्यात मी फळ्यावर लिहिलं : 'लुंबड्या टमाळाने ढोपशीवर फिरकूट ठेवले. ते पाहून गुंजरी खदबदली.' खाली तीन प्रश्न. टमाळाने काय ठेवले? कुठे ठेवले? गुंजरी का खदबदली? पोरांनी माना खाली घातल्या आणि पाच मिनिटांत वह्या हजर. 'टमाळाने ढोपशीवर फिरकूट ठेवले म्हणून गुंजरी खदबदली.' पूर्ण वाक्यात, पूर्णविरामासकट! दहापैकी दहा द्यावेत अशी उत्तरं, आणि टमाळ, ढोपशी, फिरकूट यांतल्या एकालाही अर्थ नाही, सगळे शब्द मी आदल्या रात्री भांडी घासताना रचलेले. वही कोरी ठेवणारा एकच निघाला. त्याचे आईवडील कलबुर्गीकडून बांधकामावर आलेले, घरात कन्नड, माझ्या यादीत तो 'अप्रगत'. हात वर करून म्हणाला, "बाई, टमाळ म्हंजे काय?"

शुभे, मला खुर्चीत बसावंच लागलं.

यात थोडा हात आपल्या लिपीचाही आहे. इंग्रजी वाचणारं पोर शब्दाशी अडखळतं, गाडी कुठे रुतली ते दिसतं तरी. मराठीत एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की पोर काहीही वाचून दाखवतं, खताच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा. जीभ पुढे पळते, डोकं मागे राहिलेलं कुणाला दिसत नाही. प्रशिक्षणात एकदा गफ आणि टनमर या दोघा संशोधकांची १९८६ सालची मांडणी सांगितली होती : अक्षरं फोडून वाचता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर हाती शून्यच. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं आणि वही कपाटात ठेवली.

वेगही लागतो, नाही असं नाही. 'वि-हि-री-त' असं एकेक अक्षर लावत बसलेलं पोर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणूनच केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह, असं उद्दिष्ट आहे. पण मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं की ६० मोजता येतात, 'अर्थासह' मोजता येत नाही. मग आपण काय करतो, मोजता येतं तेवढं मोजतो.

आता तुझ्या मुक्ताचं. तिचं गोष्टीचं पुस्तक वाचून होईल तेव्हा 'कळलं का?' असं चुकूनही विचारू नकोस. त्याचं उत्तर 'हो' हेच असतं, तू बँकेत नव्या नियमांच्या परिपत्रकाला देतेस तसं. तिला असलं एखादं वाक्य दे, जे मी वर्गात दिलं होतं : 'आजीने छत्री उलटी करून दाराबाहेर ठेवली आणि पदराने चष्मा पुसला.' विचारलं, बाहेर काय चाललं होतं? वर्ग गप्प. पहिल्या बाकावरची आमची स्कॉलर म्हणाली, "बाई, हे धड्यात दिलेलं नाही." मागून आवाज आला, "पाऊस! छत्री निथळायला ठेवलीय." स्कॉलर तडकली, "पण 'पाऊस' लिहिलंय कुठं?" पुढची दहा मिनिटं नुसती भांडणं. चष्म्यावर घामसुद्धा येतो, उन्हाची छत्री कोण उलटी ठेवतं, आमची आजी ठेवते. मी मध्ये पडलेच नाही, फक्त दर वेळी विचारत राहिले, "तुला कशावरून कळलं?" या एका प्रश्नावर माझं हे वर्ष चाललंय बघ. इतकी वर्षं मी स्वतःच 'धड्यातलं उत्तर लिहा' म्हणून बजावत आले, तर पोरीला तरी काय बोलणार?

आणखी एक गंमत करून बघ. 'राजूने बंडूला आपली वही दिली' आणि 'राजूने बंडूला त्याची वही दिली'. वही कुणाची? आपल्याला विचार करावा लागत नाही, पण माझा निम्मा वर्ग दोन्हीकडे गोंधळला. ओळीच्या ओळी वाचून अर्थ लागत नाही तो पुष्कळदा अशा बारक्या 'त्याने-तिने-आपल्या'त अडकलेला असतो, आणि आपण समजतो शब्द अवघड होते.

शब्दांवरून आठवलं. 'अः'मधल्या दोन टिंबांना विसर्ग म्हणतात, असं सांगत होते. नदीकाठच्या वस्तीतला एक म्हणाला, "विसर्ग म्हंजे खडकवासल्यातून पाणी सोडतात ते. लई सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, मग आमाला शाळेत झोपाय नेतात." हे पोर एरवी दोन ओळींत दमतं. दुसऱ्या दिवशी पेपरातली धरणाची बातमी नेऊन दिली तर 'क्युसेक'सकट वाचली आणि सगळ्या वर्गाला समजावून सांगितली. मी सुद्धा ऐकत बसले. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ मुलांना बेसबॉलचा उतारा वाचायला दिला होता, त्यात हेच निघालं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. उलट आमच्या धड्यात माजघर आणि मोट आली की सगळीच सारखी आडवी. तुमच्याकडे कोल्हापुरात तर आत्ता पंचगंगा चढत असेल. मुक्ताला राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात वाचायला लाव, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका म्हणजे काय ते तिलाच तुला समजावू दे.

आणि तू वाचून दाखवणं थांबवलंस, हो ना? 'आता तिचं तिला येतं' म्हणून. ते परत सुरू कर. तिला स्वतःला वाचता येतं त्याच्या दोन पायऱ्या वरचं वाच, रोज पंधरा मिनिटं, आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटून विचार, पुढे काय होईल? नंतर तिला बाई कर. तिने प्रश्न विचारायचे, तू उत्तरं द्यायची, त्यातलं एखादं मुद्दाम चुकीचं. आईला चुकीत पकडण्यासाठी पोरं जेवढ्या बारकाईने वाचतात तेवढी परीक्षेसाठीसुद्धा वाचत नाहीत. क्लासचे पैसे वाचव, अंबाबाईच्या दर्शनाला येईन तेव्हा मला मिसळ घाल.

शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहे. तिच्यासाठी चार पुस्तकं घेऊन कुरियर करते, त्यातलं एक मुद्दाम जरा अवघड असेल, ते तुझ्यासाठी. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने नेटवर ठेवलेत, तेही चाळ. आपल्या लहानपणचा एखादा सापडला तर मला कळव.

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं. उठते.

तुझी,
मंदा

ता. क. कलबुर्गीच्या त्या पोराने परवा चित्र काढून आणलं. जाडजूड, कान लोंबणारा प्राणी, डोक्यावर टोपलं. खाली लिहिलंय 'टमाल'. म्हटलं, ळ काढ. तर म्हणाला, "बाई, तुमी तरी कुठं बघितलाय?"