तीन म्हणजे तीन काय?

बेंगळुरू

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पीएचडीचं दुसरं वर्ष चाललंय, आणि आता बी.एस्सी.च्या पोरांत फिजिक्सला का बसायलाईस?" मागून आईचा आवाज, "लाईन बदलली काय रे?" रेंज गेली, म्हणून लिहायलोय.

लाईन बदललेली नाही. मी जी भूमिती शिकतो ती मुळात ग्रह कसे फिरतात, लोलक कसा झुलतो या हिशेबांतून निघालेली. मी तिच्यावर वह्या भरल्या, पण लोलक कधी हातात धरला नव्हता.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, एक मीटरचा लोलक जाऊन परत यायला किती वेळ घेईल? मी फळ्यावर समीकरण मांडलं, त्याला उत्तर असतं आणि ते एकच असतं हे सिद्ध केलं. फळा भरला. सर म्हणाले, "छान. पण किती?" मागच्या बाकावरची धारवाडची पोरगी म्हणाली, "दोन सेकंद." वहीसुद्धा उघडली नव्हती तिनं.

नंतर तिनंच सांगितलं. लांबी मीटरमध्ये, गुरुत्वाकर्षण मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. यातून नुसते सेकंद हवेत तर वाट एकच: लांबीला ९.८ नं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. वर ६.२८ नं गुणायचं तेवढं पाठ. वजन येतच नाही, कारण किलो कापायला दुसरीकडं किलोच नाहीत.

बाबा, मला उद्यमबागेतला कारखाना आठवला. सहावीच्या सुट्टीत तुमच्या लेथशेजारी उभा राहून मी विचारलं होतं, "तीन घेऊ?" तुम्ही मशीन बंद केलंत. "तीन म्हणजे तीन काय? तीन सूत, तीन एमएम, का तीन म्हशी?" सगळे हसले होते. पुढं गणितात तीन म्हणजे नुसते तीनच, आणि तुमचा प्रश्न मी विसरून गेलो.

लॅबमधली फजिती तर तुम्हाला सांगायलाच हवी. दोऱ्याला पितळी गोळा बांधला आणि वीस झोके मोजले, म्हणजे घड्याळ दाबतानाची चूक वीस जणांत वाटली जाते. ४०.१ सेकंद आले. हिशेब केला तर गुरुत्वाकर्षण ९.८ च्या जागी ९.६! दोन तास समीकरणं तपासली, सगळी बरोबर. चूक होती ती मोजण्यात. मी दोरा गोळ्याच्या वरच्या कडीपर्यंतच मोजला होता, ९८ सेंटिमीटर. गोळ्याचा मध्य आणखी दोन सेंटिमीटर खाली. जॉब लावताना आधी सेंटर बघ, हे तुम्ही किती वेळा ओरडला असाल!

एक गोष्ट मात्र अजून घशाखाली उतरत नाही. हे फिजिक्सवाले 'लहान आहे' म्हणून समीकरणातली पदंच्या पदं खोडतात. कोनाची ज्या (साइन) म्हणजे कोनच धरा, म्हणे. मी चिडून हिशेब केला: दहा अंशांवर फरक अर्ध्या टक्क्याचा. म्हणजे जॉबवर तुम्ही चालवून घेता तो टॉलरन्सच की! डिरॅक नावाच्या शास्त्रज्ञानं तर रुंदी शून्य पण क्षेत्रफळ एक असलं फंक्शन बेधडक वापरलं. गणितवाल्यांनी नाकं मुरडली. पुढं लॉराँ श्वार्त्झनं ते नीट पायावर बसवलं आणि १९५० साली फील्ड्स पदक मिळवलं. डिरॅकची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. अंदाजानं चालवून घ्यायला तिथंच शिकलो, असं तो स्वतः सांगायचा. बाबा, तुमचं आणि त्याचं जमलं असतं.

दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येतोय. आई, गुडघ्याला शेक देतेस ना? आणि बाबा, तुमचा तो जुना व्हर्निअर. मोतीबिंदूपासून त्याच्या रेघा दिसत नाहीत म्हणून कपाटात पडून आहे, तो मला द्याल काय? गोळ्याचा व्यास घ्यायचाय. वाचून मी दाखवीन, पण पकडायचा कसा ते तुम्हीच दाखवायचं.

फक्त आई, तो कुंद्याच्या डब्याबरोबर एका पिशवीत घालू नको. मागच्या वेळी माझी वही दोन महिने तुपकट होती.

तुमचा,
बाळू