पन्नास तासांचे प्रमाणपत्र आणि पस्तीस मिनिटांची तासिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे आणि ती रास्तच आहे. मात्र हे तास कशाने भरायचे हे ठरवताना प्रत्यक्ष वर्गातील तासिकेचा जवळजवळ विसर पडला आहे, आणि तंत्रज्ञानाच्या वापराविषयीच्या प्रशिक्षणांत तो सर्वाधिक जाणवतो, असे निवृत्त गणित शिक्षिका म्हणून माझे मत झाले आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आणि परीक्षा मंडळ शिवाजीनगरला. शिक्षकांनी काय शिकावे आणि काय शिकवावे हे ठरवणारी कार्यालये पुण्यातच असल्यामुळे या विषयाची चर्चाही इथूनच सुरू व्हावी.

सध्याची रीत शिक्षकांना तोंडपाठ आहे. राज्यस्तरावर सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारे शिक्षक, तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याच्या सुलभकांना, आणि विषय केंद्रापर्यंत, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटापर्यंत, पोहोचेस्तोवर त्यातल्या स्लाइड तेवढ्या उरतात. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणासाठीचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले आणि २०२० पासून ‘निष्ठा’ या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम त्यावर ऑनलाइन सुरू झाले, तेव्हा ही गळती थांबेल असे वाटले होते. दुर्गम भागातील द्विशिक्षकी शाळेलाही मूळ साहित्य थेट मिळू लागले, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु चित्रफीत पाहायची, शेवटची प्रश्नमंजूषा सोडवायची आणि ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, एवढ्यावर हा सारा व्यवहार येऊन थांबला. मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून शेजारी वह्या तपासत बसलेले शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना दोष द्यावासा मला वाटला नाही, कारण त्या घटकेला वह्या तपासणे हेच अधिक उपयोगाचे काम होते.

वर्गात तंत्रज्ञान कसे वापरावे, हे एखादा धडा समोर असल्यावाचून शिकवताच येत नाही. दहावीच्या गणित भाग २ मधील अंतर्लिखित कोनाचे, म्हणजे ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावरच असतो अशा कोनाचे, प्रमेय घेऊ. अशा कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते, हे फळ्यावर सिद्ध करायला दहा मिनिटे पुरतात; पण शिरोबिंदू वर्तुळावर जीवेच्या त्याच बाजूला कुठेही सरकवला तरी कोन तेवढाच राहतो, ही त्यातली गंमत फळ्यावरच्या स्थिर आकृतीत दिसत नाही. ‘जिओजेब्रा’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर नेमके हेच दाखवते आणि एकदा संगणकावर घेतले की त्याला इंटरनेटही लागत नाही. एखादा शिक्षक पडद्यावर बिंदू सरकवतो, मुले कौतुकाने पाहतात आणि तासिका संपते. दुसरी शिक्षिका बिंदूला हात लावण्याआधी थांबते; कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, हे प्रत्येकाला वहीत लिहायला लावते आणि मगच बिंदू सरकवते. पुढे ती तोच बिंदू जीवेच्या दुसऱ्या बाजूला नेते. तिथे ४० अंशांचा कोन एकदम १४० अंशांचा होतो आणि ‘असे का?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून येतो. (कोनाच्या मापाची मर्यादा आधी ० ते १८० अंश अशी लावून ठेवली नसेल, तर पडद्यावर २२० अंश उमटतात आणि पुढची पाच मिनिटे ते निस्तरण्यात जातात. हे प्रशिक्षणात कोणी सांगत नाही, वर्गात एकदा फजिती झाली की कळते.) पडद्यावर माप दिसले म्हणजे सिद्धता झाली का, हा त्याहून अवघड प्रश्नही याच वेळी निघतो, आणि त्याच्या उत्तरासाठी पुन्हा खडू हातात घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर दोघांचे एकच आहे. कधी थांबायचे आणि कधी विचारायचे हे ज्या शिक्षकाला समजून घ्यायचे आहे, त्याला असा पाठ मागच्या बाकावर बसून पाहण्याची संधी मिळायला हवी.

साधनांची कथा थोडक्यात सांगते. एका शाळेत मोठा संवादी पडदा भिंतीवर आहे, त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादनही आहे, आणि त्याचे पेन व रिमोट कपाटात कुलूपबंद आहेत. जडसंग्रह नोंदवहीत चढलेली वस्तू बिघडली तर भरपाई कोणी करायची, ही भीती त्यामागे आहे. ती निराधारही नाही, कारण दुरुस्ती वेतनेतर अनुदानातून करावी लागते आणि ते वेळेवर मिळेल याची खात्री नसते. खरेदीच्या कागदांतच पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी, इतकेच यावर म्हणता येईल.

बी. एड. करताना आम्ही सरावपाठ घेत असू, सहाध्यायी मागे बसून निरीक्षण लिहीत आणि त्यानंतर मोकळी चर्चा होई. नोकरी लागली की हे बंद होते. पुढच्या तीस वर्षांत शिक्षकाचा पाठ पाहतात ते मुख्याध्यापक किंवा तपासणीला आलेले अधिकारी, आणि दोघांच्याही हातात शेरे लिहिण्याचा कागद असतो. जपानमध्ये शिक्षकांनी मिळून एका पाठाची आखणी करायची, एकाने तो वर्गात घ्यायचा, इतरांनी पाहायचा आणि नंतर त्याची चिरफाड करायची, ही पद्धत शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे. आपल्याकडे त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. प्राथमिक शाळांसाठी केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात. त्यांतील परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते ऑनलाइन उरकून तो वेळ एका प्रत्यक्ष पाठाला द्यावा. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या आपल्या वर्गात केला होता. शिक्षकाला स्वतःच्या वर्गात जाणवलेल्या अडचणीतून आलेले तंत्रज्ञान टिकते, असा माझाही अनुभव आहे.

माझी मागणी अशी की वार्षिक ५० तासांपैकी निदान २० तास परस्परांचे पाठ पाहण्यासाठी आणि त्यावरील चर्चेसाठी अधिकृतपणे धरले जावेत. त्या पाठाला अधिकारी नसावा, गुणदान नसावे आणि छायाचित्रे पोर्टलवर चढवण्याची सक्तीही नसावी, अन्यथा पाठ मुलांसाठी न होता छायाचित्रांसाठी होऊ लागेल. अलीकडे पाठाचे टाचण कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेता येते म्हणून काही ज्येष्ठ मंडळी चिंतित आहेत. टाचणवही केवळ सहीपुरतीच उघडली जाणार असेल, तर ती यंत्राने लिहिली काय आणि हाताने लिहिली काय, मला फारसा फरक दिसत नाही. सहकाऱ्यांसमोर पाठ घ्यायचा असेल, तर मात्र टाचण कोणीही लिहिलेले असो, ते स्वतः तपासूनच वर्गात जावे लागेल.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. परंतु सवलतीत बसणारी कामेही पुष्कळ वेळ खातात आणि न बसणारी कामे निराळ्या नावाने येतात. माध्यमिक शाळेत एक शिक्षक बाहेर पडला की त्याचे तास कोणाला तरी बदली म्हणून घ्यावे लागतात, आणि शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवताना मुख्याध्यापकांची कुरकुर होते ती याचमुळे. पुण्यात यावर एक सोपी वाट आहे. इथल्या अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारच्या शाळेतील शिक्षकाने सकाळी जवळच्या शाळेत पाठ पाहिला, तर एकही तासिका बुडत नाही. लागते ते फक्त दोन मुख्याध्यापकांचे संमतिपत्र आणि तो वेळ ५० तासांत धरला जाईल असे सांगणारे एक परिपत्रक. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते या शैक्षणिक वर्षात काढावे, आणि आरंभ शहरातील एखाद्या विभागातील गणित व विज्ञानाच्या शिक्षकांपासून करावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
कर्वेनगर, पुणे