पाकळी उजवी पडली होती

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, "अरे, पण तुम्ही लगेच पोलिसांत का नाही गेलात?" मी विषय बदलला. म्हणून आता लिहितो.

पुतणी चौदा वर्षांची. दीडला शाळा सुटते. साडेतीन वाजले तरी तिचा पत्ता नव्हता. आदल्या रात्री मोबाइलवरून वहिनीने तिच्या कानाखाली दिली होती. पोलिसांना सांगायचं तर हेही सांगावं लागणार, म्हणून वहिनी गप्प. दादाचं दुखणं वेगळं. "मुलगी आहे. एकदा नाव पोलीस स्टेशनात गेलं की उद्या वाडाभर." मग डिचोलीला मामाकडे, म्हापशाला मावशीकडे फोन, तेही "सहज केला हं" म्हणत. धड विचारलंच नाही तर कुणी काय सांगणार? आत्या देवळात कौल लावायला गेली. पाकळी उजवी पडली आणि सगळे निवांत झाले. त्यात आणखी एक तास गेला.

वर शेजारचे जाणते म्हणाले, "चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत." मला ते खरं वाटलं, रोज पेपर वाचणाऱ्याला! असा नियमच नाही रे. उलट २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, अठराच्या आतलं मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच शोधायला लागायचं. हद्दीचीही अडचण नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते. तातडीच्या मदतीला ११२ नंबर आहे, मुलांसाठी १०९८ आहे. आणि आपल्याकडे मडगावला गाडीत बसलेलं मूल सात तासांत रत्नागिरीच्याही पुढे गेलेलं असतं.

शेवटी साडेदहाला मीच ११२ लावला. आलेल्या महिला पोलिसाने पहिलंच विचारलं, "सकाळी केसांना काय बांधलं होतं?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. "जवळची मैत्रीण कोण?" तेही कुणाला सांगता येईना. तेवढ्यात दाराआडून धाकटा म्हणाला, "सावईवेऱ्याची. ताई तिच्याचकडे जाते." दिवसभर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिथेच होती. मैत्रिणीच्या आईला "घरी विचारून आलेय" असं सांगून, जेवूनखाऊन झोपलेली.

दादा अजून वाड्यावर "मामाकडे गेली होती" असंच सांगतो. तू आलास की तूही तसंच म्हण.

तुझा,
विनय