सेन्सर नव्वद अंशात फिरवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा सांग गं" म्हणून विषय बदलता.

मे महिना होता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या शॉपमध्ये जाडी मोजणारा लेझर सेन्सर बसवून जेमतेम दोन महिने झाले होते आणि ग्राइंडिंग केलेल्या पट्ट्यांचा अख्खा लॉट परत आला होता. जाडीत अधिक-उणे १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजारांश... नव्हे, शंभराव्या भागाची सूट. आमच्या रिपोर्टात सगळं पास, पार्टीकडे निम्मा माल जाड म्हणून नापास. सकाळी मोजलेली पट्टी दुपारी १२-१३ मायक्रॉननं बारीक दिसायची. सेन्सर विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: कन्फोकल घ्या, म्हणजे पांढऱ्या उजेडावर चालणारा दुसरा सेन्सर. किंमत ऐकून मी हारातल्या बाबांच्या फोटोकडे बघत बसले.

तुम्ही आलात आणि स्क्रीनकडे बघितलंच नाहीत. आधी सेन्सर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला हात लावलात. "हा कशाचा?" अॅल्युमिनियमचा, आमच्याच मिस्त्रींनी बनवलेला, उभा १५० मिलिमीटर, आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट त्यावर. पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर तुम्ही हिशेब मांडलात: अॅल्युमिनियम मीटरला दर अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे चार अंश चढले की आपला ब्रॅकेट जवळपास १४ मायक्रॉननं उंच. पट्टी होती तेवढीच होती, सेन्सर वर सरकत होता.

शिवाय स्क्रीनवरचा आकडा स्थिर राहायचा नाही, सारखा नाचायचा, तो वेगळ्याच कारणानं. लेझरचा ठिपका वरून पडतो, बाजूची लेन्स तो तिरकी बघते, आणि उंची बदलली की आतल्या चिपवर ठिपक्याची जागा सरकते. आम्ही लेन्स ग्राइंडिंगच्या रेघांना आडवी लावली होती. त्या दिशेनं उजेड विखुरतो आणि ठिपक्याचा मध्य चुकतो. तुम्ही दोन स्क्रू सैल करून सेन्सर नव्वद अंशात फिरवलात, रेघांच्या दिशेनं. आकडा शहाण्यासारखा थांबला.

कन्फोकलला नावं ठेवली नाहीत तुम्ही. पांढऱ्या उजेडाचा प्रत्येक रंग वेगळ्या उंचीवर फोकस होतो, जो रंग ठळक परत येतो त्यावरून अंतर कळतं. काचेला, आरशासारख्या पॉलिशला तो उत्तमच, म्हणालात. "पण ह्याच ब्रॅकेटवर लावलास तर तोही तेवढंच खोटं बोलेल."

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो तुमचा ऑप्टिकल फ्लॅट, ती अगदी सपाट घासलेली काच. चामड्यातून काढलात, स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यावर ठेवलात, जुना सोडियम दिवा लावलात. पिवळे-काळे पट्टे, सरळ आणि एकसारखे. एकेक पट्टा म्हणजे उंचीत साधारण ०.३ मायक्रॉनचा फरक. "आता गेजला बोट लाव." लावलं. थोड्या वेळानं पट्टे वाकायला लागले, नुसत्या माझ्या बोटाच्या उबेनं! मोजमापाचं जग २० अंश सेल्सिअस धरून चालतं, आणि आम्ही ठाण्याच्या उन्हाळ्यात दार सताड उघडं टाकून मायक्रॉन मोजत होतो.

आता स्टँड ग्रॅनाइटचा आहे, खिडकीला जाड पडदा आहे. सकाळी सेन्सर चालू केल्यावर अर्धा तास कुणी त्याच्या वाटेला जात नाही, आणि दर तासाला स्लिप गेजवर झिरो बघतात. पुढचा लॉट पास झाला. तुम्ही पैसे घेतले नाहीत, त्यावरून मी अजून रागावलेली आहे.

तुमचा फ्लॅट माझ्याच कपाटात राहिलाय. परत न्यायची घाई करू नका. नवीन पोरांना बोट लावायला लावतेय.

तुमची,
बाबांची धाकटी