चित्राखालच्या पाटीवर पाडा लिहा

संपादक महोदय,

डहाणू तालुक्यातल्या आश्रमशाळांत मी एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवली. गेल्या महिन्यात मुंबईत आधुनिक कला आणि निसर्ग या विषयावरचं एक प्रदर्शन पाहिलं. परदेशी चित्रकारांच्या चित्रांखाली नाव, जन्मसाल, कागदाचा प्रकार, सगळं लिहिलेलं. शेजारच्या वारली चित्राखाली एकच ओळ: 'वारली, महाराष्ट्र, विसावे शतक'. जणू अख्ख्या जमातीने शंभर वर्षं बसून ते काढलं!

पाटी अशी लिहावी लागत नाही, हे आपल्याच चित्रकाराबाबत घडून गेलं आहे. डहाणूतल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामांसोबत मांडली होती, दोघांच्या नावाने. लाँग यांनी 1967 मध्ये गवतावर येरझाऱ्या घालून एक रेघ उमटवली आणि तिचा फोटो हीच कलाकृती मानली. मशेंच्या चित्रांतही माणसं सतत कुठेतरी निघालेली, पायवाटेने, रांगेने. त्यांचं मासे धरायचं जाळं पाहा. एकेक धागा सुटा मोजता येईल इतकी बारीक रेघ. यातलं आधुनिक कोण आणि पारंपरिक कोण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नातलं चौकटीचं चित्र, पूर्वी सवाष्णी काढत, घरातल्या भिंतीवर, आणि पुढच्या सारवणात तो जाई. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला आणि चित्र टिकायला लागलं. म्हणजे टिकाऊपणाही बाहेरून आलेला. संशोधकांनी यावर खुशाल वाद घालावा. पण आधी चित्र कशाने काढलंय ते तरी पाहावं. तांदळाच्या पिठाची रेघ ओली असताना जवळपास दिसत नाही, वाळली की पांढरी होते. काढणाऱ्याला हात कुठे गेला होता ते ध्यानात ठेवून पुढे जावं लागतं. माझ्या वर्गात नव्या मुलांची इथेच फसगत व्हायची. डबीतला अ‍ॅक्रिलिक लगेच दिसतो. त्या प्रदर्शनातलं चित्र अ‍ॅक्रिलिकचं होतं, आणि भिंतीवरच्या मजकुरात 'मातीशी नातं' तीनदा आलं होतं.

मातीचं म्हणाल तर डहाणू तालुका 1991 मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठी प्राधिकरण आलं. त्याच तालुक्यात 2024 मध्ये वाढवण बंदराला मंजुरी मिळाली. बंदर हवं की नको यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. पण वारली चित्र टांगून 'निसर्ग' म्हणायचं आणि यातलं एक अक्षरही लिहायचं नाही, याला काय म्हणावं?

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पाटीवर चित्रकाराचं नाव, पाडा, आणि रंग पिठाचा की डबीतला, हे मराठीतही लिहा. चित्रं घेऊन जाता तशी छापील पुस्तकाची एक प्रत पाड्यावर परत पाठवा. आमच्याकडे एक अभ्यासक चार दिवस राहून गेले, त्यांचं पुस्तक मी दुकानाच्या काचेमागे पाहिलं.

त्या दालनात मी हे बोललो तेव्हा 'अभिप्रायाच्या वहीत लिहा' म्हणाले. वहीचं पेन संपलं होतं, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षक, डहाणू