आधी सुपरवायझर, मग पुस्तकं

गंगापूर रोड, नाशिक

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीला आधी फोन कर, कारण ती दूरशिक्षणाच्या समुपदेशन अभ्यासक्रमाची फी भरायच्या तयारीत आहे. मानसशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. संलग्न आरोग्यसेवांचा २०२१ चा कायदा ज्या विषयांना लागू होतो, ते आता समोरासमोरच शिकवायचे. दूरशिक्षण म्हटलं की आपल्याला इथलं गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आठवतं, १९८९ पासूनचं. पण हा नियम देशातल्या सगळ्याच विद्यापीठांना आहे. तेव्हा ‘एम.ए. समुपदेशन, शंभर टक्के ऑनलाइन’ अशी जाहिरात दिसली, तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासायच्या: विद्यापीठ, तोच अभ्यासक्रम आणि तेच सत्र. विद्यापीठाला मान्यता आहे, एवढ्याने भागत नाही. प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो. तो न मागताच कोणी पैसे घेत असेल, तर तिथून उठून यायचं. चार-सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र वर्ग ऑनलाइन मिळतात आणि ऐकण्याची सवय लावायला ते बरेही असतात. पण त्यांच्या जोरावर दाराबाहेर समुपदेशक म्हणून पाटी लावू नये.

ही मनाई नव्या प्रवेशांना आहे आणि तुझा दूरशिक्षणाचा प्रवेश त्याआधीचा, म्हणून तू निर्धास्तपणे पुरं कर. मात्र ज्या कारणासाठी हा नियम आला, ते कारण तुलाही लागू आहे, हे विसरू नकोस. सिद्धान्त पडद्यावर शिकता येतात. समोरच्या माणसाचा श्वास अडखळला हे ओळखणं आणि त्या क्षणी गप्प राहणं, हे कोणाच्या तरी नजरेखालीच शिकावं लागतं.

वाचनाचं गणित सोपं आहे. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सहामाहीला सोळा श्रेयांक असतील तर ४८० तास, म्हणजे आठवड्याला साधारण अठरा. नोकरी सांभाळून हे बसवायचं तर रोज दोन तास आणि शनिवार-रविवारी चार-चार. स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर टाकलेस की हे गणित कोलमडतं, आणि मग मुलं झेरॉक्सच्या दुकानातली तयार उत्तरं उतरवतात. गुण मिळतात, पण पुढे तोंडी परीक्षेत स्वतःच्याच केसबद्दल विचारलं की बोलती बंद होते.

पण वेळापत्रकात सगळ्यात आधी बसवायची ती इंटर्नशिप. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची अट बघ: प्रॅक्टिकमचे, म्हणजे इंटर्नशिपआधीच्या सरावाचे, १०० तास, त्यातले ४० प्रत्यक्ष अशिलांबरोबर (समुपदेशनासाठी येणाऱ्यांबरोबर), आणि इंटर्नशिपचे ६०० तास, त्यातले २४० प्रत्यक्ष. तिथल्या ऑनलाइन पदवीलाही यातून सूट नाही. तुझ्या विद्यापीठाने मागितलेले तास याहून कमी असतील, तरी मोजमाप म्हणून हेच डोळ्यांसमोर ठेव.

दिवाळीनंतर नाशिकला येऊन तास भरायचे म्हणतेस, तर पत्रव्यवहार आत्ताच सुरू कर. सिव्हिलच्या मानसिक आरोग्य विभागात बसायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी लागते, आणि त्यासाठी विद्यापीठाचं पत्र. शाळेत बसायचं तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची संमती. जागेच्याही आधी सुपरवायझर, म्हणजे तुझ्या कामावर देखरेख करून तासांवर सही करणारी व्यक्ती, ठरव. त्यांची पात्रता तुझ्या विद्यापीठाच्या मार्गदर्शिकेत बसते का, हे अभ्यास केंद्राकडून लेखी मंजूर करून घे आणि मगच पहिला तास भर. बहुतेकांचं इथेच फसतं. तीन महिने मनापासून काम करतात आणि शेवटी कळतं की सही करणाऱ्या बाईंची पदवी चालत नाही. मग सगळे तास वाया. नोंदवही दर आठवड्याला सही करून घे: तारीख, किती वेळ, प्रत्यक्ष सत्र की निरीक्षण की चर्चा. अशिलाचं नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक.

हंगामाचाही विचार कर. निफाड-दिंडोरीकडची माणसं जानेवारी ते मार्च द्राक्षकाढणीत असतात. ठरलेल्या वेळेला येत नाहीत, फोन उचलत नाहीत. त्याला प्रतिकार, म्हणजे समुपदेशन टाळण्याची मनाची धडपड, समजून वहीत लिहू नकोस. दहावी-बारावीची मुलं परीक्षेआधी गर्दी करतात आणि पेपर सुरू झाले की दिसेनाशी होतात. म्हणून अवघड तास डिसेंबरातच भरून ठेव.

आता शब्दशः नोंदीबद्दल, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. संमती घेऊन सत्र रेकॉर्ड करायचं आणि त्यातली दहाच मिनिटं उतरवून काढायची. दहा मिनिटांना तास-दीड तास लागतो, तो लागू दे. पानावर चार रकाने आख: अशील काय म्हणाली, मी काय म्हणाले, ते कोणतं कौशल्य होतं, दुसरं काय म्हणता आलं असतं. ‘अं’, ‘हो ना’, मधली शांतता, सगळं लिही. समज, एक बाई म्हणतात, ‘सासूबाई काही बोलल्या की मी जेवतच नाही.’ नवशिका लगेच विचारतो, ‘मग तुम्ही त्यांना स्पष्ट सांगत का नाही?’ हा दिसायला प्रश्न. पण त्यात सल्ला आहे आणि आरोपही. बाई पुढची दहा मिनिटं सासू किती कडक आहे हेच पटवत बसतात. त्याऐवजी ‘त्यांचा शब्द लागतो आणि घास उतरत नाही’ एवढंच म्हणून थांबलीस, तर पुढचं वाक्य स्वतःबद्दलचं येण्याची शक्यता बरीच जास्त. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मोजायची सवय लाव. पहिल्या नोंदीत ते भरमसाट असतात.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये मांडलेल्या अटी, म्हणजे समानुभूती, विनाअट स्वीकार आणि अस्सलपणा, परीक्षेत लिहायला पाच मिनिटं पुरतात. या नोंदी काढल्याशिवाय त्या अंगी येत नाहीत. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीचंही तसंच. प्रसंग, त्याबद्दलची धारणा आणि परिणाम ही साखळी फळ्यावर सुरेख दिसते, म्हणून विद्यार्थी पहिल्याच भेटीत अशिलाची धारणा खोडायला बसतात. माणूस पुरता बोललेला नसताना खोडाखोडी केली की तो पुन्हा येत नाही. कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली, तेव्हा दुरून शिकता येत नाही असं मी म्हणणार नाही. आपलं काम कोणाला तरी दाखवत राहावं लागतं, एवढंच.

ऑनलाइन सत्र घ्यायची वेळ आली, तर सुरुवातीलाच विचार: आत्ता तुम्ही कुठे आहात, खोलीत आणखी कोण आहे, फोन तुटला तर कोणत्या नंबरवर करू, अडचणीत जवळच्या कोणाला कळवू. इअरफोन दोघांनीही लावायचे. एक साधा खुणेचा शब्दही ठरवून ठेव. कोणी खोलीत आलं की तो म्हणायचा आणि विषय बदलायचा. आपल्याकडच्या घरांत दार बंद करून बोलायला मिळणं सोपं नसतं.

आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र आडून विचारू नकोस. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हटलं तर पुढचे प्रश्न: कसं, कधी, साधन हाताशी आहे का? शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवतात हे विचार, आणि ते त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात, कुलपात गेलं पाहिजे. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, सुपरवायझरला तेव्हाच फोन करायचा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा. गोपनीयतेची मर्यादा इथे संपते, आणि हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. विद्यार्थी आहे म्हणून सुटका नाही.

पदवी हाती आल्यावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं कुठेही लिहू नकोस. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तो अभ्यासक्रम निराळा. तू समुपदेशक म्हणव. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि तासांची सही-शिक्क्याची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेव. २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी करताना तीच मागतील.

मार्गदर्शिकेतलं सुपरवायझरच्या पात्रतेचं पान मला व्हॉट्सॲपवर पाठव, म्हणजे इथे कोणाला विचारायचं ते ठरवते. बाबा तुला आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई